न विरणारी पट्टी

इन्क्युबेटरचं दार उघडायला दोघं एकदमच वाकले आणि डोक्यावर डोकं आपटलं.

"स्वल्प बघून हो!" तो कपाळ चोळत म्हणाला. "आता आणखी एकदा आपटा, नाहीतर शिंगं येतात."

बंगळूरच्या प्रयोगशाळेत मराठी! महिन्यापूर्वीच नागपूरहून आलेली देवश्री इतकी गोंधळली, की खरंच हलकेच पुन्हा डोकं आपटून मोकळी झाली. राजस खळखळून हसला. राजाजीनगरातली त्याची ही तिसरी पिढी. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, म्हणून 'जरा'चं 'स्वल्प' व्हायचं.

त्या दिवसापासून तिचं काही सरळ होईना. यकृतातलं एक एन्झाइम तिच्या वाट्याला आलं होतं. अन्नातलं ट्रिप्टोफॅन भोवती असलं की ते टिकतं. ते संपलं, की शरीर त्याच्यावर मोडीची खूण लावतं आणि तुकडे करून टाकतं. म्हणून प्लेटमध्ये वाढवलेल्या पेशींना ती ट्रिप्टोफॅन नसलेलं मीडियम, म्हणजे पोषक द्रव, घालायची. संध्याकाळपर्यंत चाचणीच्या कागदावर उमटणारी एन्झाइमची काळी पट्टी विरायला हवी. पण तीनदा करूनही पट्टी जशीच्या तशी! सोमवारी सरांना कारण सांगायचं होतं, नाहीतर विषयच हातातून जाणार.

त्यात रोज दहा मिनिटं उशिरा जेवायला येऊन राजस डबा पुढे सरकवायचा. "चित्रान्न घ्या. अक्कानं केलंय." हा सगळ्यांनाच देतो… की मलाच? देवश्रीला घासही मोजता येईना, मग पेशी कुठल्या!

चौथ्या खेपेला चष्मा विसरला म्हणून ती जेवणावरून परतली. राजसच्या हातात तिच्याच पेशींच्या प्लेट्स होत्या.

"हे काय करताय?"

"मीडियम पिवळं पडलं होतं. ज्याचा हात मोकळा त्यानं बदलायचं, असा रिवाजच आहे या मजल्यावर…"

"कशानं बदललंत?"

"माझ्या बाटलीतलं घातलं. सगळं असलेलं, पौष्टिक…" तो थांबला. चेहरा उतरला. "ट्रिप्टोफॅनसुद्धा."

"बाप्पा! तीन आठवडे मी स्वतःलाच वेडी समजत होते!"

"चुकलं हो. सरांना मीच सांगतो. पण तुमच्या पेशी उपाशी बघवेनात."

"सगळ्यांच्या बदलता?"

राजसचे कान लाल झाले. "रिवाज सगळ्यांचा आहे… पण मी… तुमच्याच."

रागवायचं होतं तिला. शब्द जुळवेपर्यंत रागच कुठेतरी विरघळला.

शनिवारी तिनं दोन प्लेट्स मांडल्या. एकीवर लिहिलं, 'हात लावू नये'. दुसरीवर, 'राजस', आणि तिच्यात त्याच्या बाटलीतलं मीडियम घातलं. संध्याकाळी पहिलीची पट्टी अगदी पुसट, दुसरीची काळीभोर. कुणी भरवत राहिलं, म्हणून एन्झाइम मोडलं नव्हतं. सरांना द्यायचं कारण समोरच होतं.

"सोमवारपासून जेवायला उशीर करू नकोस," कागद गुंडाळत ती म्हणाली. "माझ्या पेशी माझ्या मी बघेन."

"नकोस?" आता गोंधळायची पाळी राजसची होती. "म्हणजे… तुला मी… आवडतो?"

"स्वल्प," देवश्री म्हणाली, आणि तिचेही कान लाल झाले.