गोदेची उलटी फेरी

आदल्या रात्री माझा डोळा लागला नाही तो लेकीच्या, छबूच्या खोकल्याच्या धास्तीपायी. डांग्या खोकला नुकता कुठे गेला होता आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मला तालमीला जायचं होतं, तेही कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात. तो सरकीचा कुबट वास, ती हवेत तरंगणारी कापसाची बारीक तूस... खोकला उलटला तर? सासूबाई वालूरला गेलेल्या, शेजारीण बाळंत. चांगली आई घरी थांबते, असं रात्रभर स्वतःला बजावलं आणि दुपारी पोरीला काखोटीला मारून निघाले. मी मॅट्रिक झालेली आहे, स्वतःला उपदेश करणं मला छान जमतं.

मराठी भाषेचं राज्य व्हायचं होतं ते साल. राज्य होईल त्या दिवशी परभणीत आमच्या मंडळीची ‘गोदा’ ही नृत्यनाटिका ठरली होती. ती बसवली आमच्या नाचाच्या बाई, कस्तुराबाईंनी. एकेक पाऊल त्यांचं. श्रावणात त्या विषमज्वरानं गेल्या, आणि आता भर रस्त्यात टांग्यावरचा भोंगा ओरडत होता, ‘आबासाहेबांची अजरामर रचना!’

आबासाहेब म्हणजे मंडळीचे मालक. पडदे त्यांचे, समया त्यांच्या. गिरकी मात्र एक येत नव्हती. बाई असताना ते सगळ्यांदेखत म्हणायचे, “बाई, तुमी पायानं नाचता, मंडळी माझ्या डोक्यानं चालती.”

“म्हणूनच अडखळती,” बाई म्हणायच्या.

भोंगा ऐकला तेव्हापासून माझ्या कानशिलात ठणकत होतं.

हंगाम सुरू व्हायचा होता, म्हणून जिनाचं शेड आम्हाला मिळालं होतं. वारा येऊन तूस उडते म्हणून दारं लावलेली. आत दुपारीसुद्धा अंधार. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे धागे उतरत, तेवढाच उजेड, आणि मधोमध समई. छबूला मी बारदानाच्या ढिगावर बसवलं.

शेवटचा प्रवेश होता. गोदावरी, म्हणजे मी, आणि बाकीच्या मुली, तिच्या उपनद्या, समईला प्रदक्षिणा घालतात. बाई गेल्यापासून तालीम आबासाहेब घेत होते.

“डावीकडनं निघा गं,” ते खुर्चीवरून म्हणाले.

“उजवीकडून आहे, आबासाहेब.”

“मी सात वर्षं असंच समोर बसून पाहायलोय, कमलबाई! डावीकडं जाता तुमी.”

“समोर बसून पाहिलंत ना. आमची समईला पाठ, तोंड तुमच्याकडे; तुमची डावी ती आमची उजवी. असं गेलो तर समई आमच्या डाव्या हाताला येईल. अशी उलटी फेरी चितेला घालतात.”

बन्सीधरनं मृदंगावरचा हात उचलला. आबासाहेबांचा चेहरा तापला. चूक कळली होती त्यांना, पण ती माझ्या तोंडून कळली होती.

“लय शिकलात तुमी. रचना माझी हाय, फेरी मी म्हणंन तशी. जमत नसंल तर उतरा. पोरगी सांभाळा घरी बसून.”

मी रांगेतून बाहेर आले. बाईंचं नाव तर पुसलंच होतं या माणसानं, आता त्यांची पावलंही मोडत होता.

मृदंग सुरू झाला. मुली उलट्या फिरू लागल्या.

पहिल्या फेरीला काही नाही. दुसऱ्या फेरीला समईची ज्योत आडवी झाली, दार बंद असताना. आणि मग मला ते दिसलं. बाई रांगेमागून फिरायच्या आणि जिचा कणा वाकला तिच्या पाठीत दोन बोटं टोचायच्या. आता एका मुलीची पाठ झटक्यात ताठ झाली. मग तिच्यामागचीची. मग तिच्याही मागचीची... मुली एका दिशेनं फिरत होत्या आणि पाठी ताठ होत होत्या उलट दिशेनं. कुणीतरी सुलट्या फेरीनं चालत होतं.

“बन्सी... थांब,” मी पुटपुटले.

बन्सीधरनं हात वर केले. दोन्ही हात. ठेका चालूच राहिला...

मुली किंचाळत भिंतीला टेकल्या. मोकळ्या रिंगणात कुणीच नव्हतं. तेवढ्यात खुर्चीत पोक काढून बसलेले आबासाहेब एकदम ताठ झाले. उठले. रिंगणात आले आणि चालू लागले, उजवीकडून. टाच, चवडा, टाच. ज्या माणसाला गिरकी येत नव्हती त्याचं प्रत्येक पाऊल बाईंचं पडत होतं. चेहरा मात्र त्यांचाच होता, घामानं निथळणारा.

“कमलबाई... धरा मला... पाय ऐकंनात...”

मी भित्री आहे; पालीला भिते. पण त्या क्षणी मला फक्त संताप आला.

“नाव घ्या!”

“कुणाचं?”

“ज्यांची पावलं आहेत त्यांचं!”

एक अख्खी फेरी गेली. घाम गळत होता, तोंड उघडत नव्हतं. मरण परवडलं, नाव नको!

“...कस्तुराबाई,” ते शेवटी हुंदक्यासारखं म्हणाले. “रचना... कस्तुराबाईंची...”

ठेका थांबला. आबासाहेब मटकन खाली बसले. बन्सीधरनं जाऊन दार उघडलं. बाहेर रखरखीत दुपार होती. “भोंगेवाल्याला सांगतो,” आबासाहेब जमिनीकडे बघत म्हणाले. “आत्ताच सांगतो.”

त्यांची दया यायला हवी होती. नाही आली. गेलेल्या बाईला परत यावं लागतं तेव्हा कुठे तुम्ही तिचं नाव घेता? एवढं मी त्यांना तोंडावर विचारलं, आणि बारदानाकडे धावले.

छबू शांत बसली होती. खोकला नाही, रडणं नाही. केसांत तूस अडकली होती. मी तिला उचलून छातीशी धरलं.

“घाबरलीस का गं? चल, आपण घरी जाऊ.”

ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती.

“आई,” ती म्हणाली, “बाईला कुठं निजवायचं? आपल्याकडं एकच बाज हाय.”