दुपारी दमणारी चकती

"टेकली! फक्त अर्धा किलो!" लिंबू ओरडला.

आत्याने कपाळाला हात लावला. सकाळी हीच काळी चकती गार केल्यावर चुंबकांवर तरंगत दोन किलोची वजनं पेलत होती, आणि दुपारी अर्ध्या किलोतच हिने मान टाकली! सलग तिसरा दिवस. उद्या चार वाजता समिती येणार होती. साध्या, स्वस्त चुंबकांवर दोन किलो तरंगले तरच आत्याचं काम पुढे चालणार, नाहीतर प्रयोगशाळेला टाळं.

भिंगरीला मात्र चकतीपेक्षा प्रोफेसर जास्त खुपत होता. प्रोफेसर म्हणजे तिचा चुलतभाऊ, तिच्याच वयाचा. सुट्टी लागल्यापासून आत्याची नोंदवही त्याच्या हातात. भिंगरी आणि तिचा धाकटा भाऊ लिंबू, दोघांनी काय करायचं, तर चष्मे पुसायचे! तिच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

"आत्या, यानेच चुंबकांना हात लावलाय," ती बोलून गेली. "जेवायच्या सुट्टीत. मी पाहिलंय."

पाहिलं-बिहिलं काही नव्हतं.

"मी? शपथ, नाही लावला गं!" प्रोफेसर रडकुंडीला आला.

आत्या दमलेली होती. "उद्या तू बाहेर बाकावर बस. वही भिंगरीकडे."

भिंगरी अशी फुलली की विचारू नका! घरी गेल्या गेल्या ती वहीत प्रोफेसरच्या चुका शोधायला बसली. एक सापडेल तर शपथ! पठ्ठ्याने वेळ, वजन, सगळं टिपलेलं. चकतीवर अतिथंड द्रव नायट्रोजन कोणी ओतला, तेसुद्धा! सकाळी आत्या. दुपारी प्रयोगशाळेतले मदतनीस, मिस्त्रीकाका. तिन्ही दिवस.

"लिंबू, उद्या काकांवर नजर ठेवायची!"

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं कपाटामागे दडून बसली. आत्या नेहमी चकती लांबच्या टेबलावर गार करायची आणि मग चिमट्याने चुंबकांवर आणायची. काका शीळ घालत आले, त्यांनी चकती सरळ चुंबकांवर ठेवली आणि तिथेच नायट्रोजन ओतला!

"ताई, चोर सापडला!" लिंबू कुजबुजला.

भिंगरी मात्र मनात हिशेब करू लागली. आता प्रोफेसर सुटणार, आणि आपलं खोटं उघडं पडणार. वही जाणार ती वेगळीच. पण जिन्यात समितीची पावलं वाजायला लागली होती. त्यांना घेऊन आत्या दारात येताच भिंगरी कपाटामागून बाहेर धावली.

"आत्या, थांब! काका चकती चुंबकांवरच ठेवून गार करतात!"

"अहो, गार ते गारच!" काका म्हणाले. "तिथे काय नि इथे काय!"

"कमाल केलीत काका!" आत्या किंचाळलीच. "चुंबकावर गार झाली की त्याचा जोर तिच्यात अडकून बसतो. लांब गार केली तर ती त्याला आत शिरूच देत नाही, जोरात ढकलते!"

चकती पुन्हा साध्या तापमानाला आणली, लांब नेऊन गार केली. एक किलो... दोन... अडीच! तरीही तरंगतेय! समितीच्या बाईंनी टाळ्याच वाजवल्या. "एकही जादा चुंबक न घेता! शाबास! कुणी शोधलं हे?"

"मी" हा शब्द भिंगरीच्या अगदी ओठांवर आला होता. वही तिच्याच हातात होती, कुणाला काय कळणार होतं? काचेपलीकडे प्रोफेसर बाकावर मान खाली घालून बसला होता. ती धावत गेली आणि त्याला हाताला धरून आत घेऊन आली.

"याच्या नोंदींवरून कळलं. आणि आत्या, याने चुंबकांना हात लावला नव्हता. मी खोटं बोलले."

आत्या तिच्याकडे वळली. "त्याबद्दल घरी बोलू. पण आज माझं काम तुम्ही तिघांनी वाचवलंत. शाबास!"

भिंगरीने वही प्रोफेसरला दिली. त्याने लगेच पेन काढलं.

"काकांनी नेमकं काय केलं, ते तू पाहिलंस ना? सांग."

तिने सांगितलं, त्याने लिहिलं. शेवटी निरीक्षण करणाऱ्याच्या रकान्यात त्याने ठळकपणे भिंगरीचं नाव घातलं, लिंबूचंही. एवढं चांगलं वागायची काय गरज होती याला! भिंगरीला त्याचा आणखीनच राग आला, आणि मग सगळ्यांदेखत रडूच आलं.