एका आईची दोन नाकं

पौषातली गार सकाळ. अमडापूरच्या मुलींच्या शाळेत मी शिकवायला पोचले, तर माझ्या वर्गातल्या मुली अंगणात रांगेनं उभ्या, आणि माझ्या खुर्चीवर गोजरबाई! आमच्या शेतात कापूस वेचणारी ही म्हातारी नातीला, तानुला, शाळेत सोडायला आली होती. आता डोळे गच्च मिटून बसलेली... आणि एक तरुण तिच्या नाकाला पोलादी चिमटा लावत होता.

"काय करून राह्यले तुम्ही तिले?" मी विचारलं.

तो दचकला. "माप घेतोय बाई. सरकारी पाहणी आहे. दुखत नाही."

"दुखते का नाई, हे तिले विचारलं का?"

त्यानं खरंच विचारलं. "आजी, दुखलं का हो?"

"नाक नाई दुखलं बापा," गोजरबाई म्हणाली. "पण बजारात बैलाचे दात पाह्यतात ना, तसं वाटलं."

त्याचे कान लाल झाले. त्यानं चिमटा पेटीत ठेवला आणि माझी खुर्ची स्वतः पुसून दिली.

शरच्चंद्र त्याचं नाव. मलकापूरच्या एका कारकुनाचा मुलगा, नागपुरास बी. ए. झालेला. गावाबाहेर आमराईत एका गोऱ्या साहेबाचा तंबू पडला होता, त्याचा हा लेखनिक. साहेब लोकांची डोकी नि नाकं मोजायचा, त्यावरून कोणती जात कोणत्या वंशाची ते ठरवायचा, आणि वंशावरून अक्कल!

दुसऱ्या दिवशी शरच्चंद्र शाळेच्या दारात उभा. "शाई संपली... थोडी मिळेल?"

तिसऱ्या दिवशीही संपली.

"इतकी शाई पेता का तुम्ही?"

"लिहितो फार."

"मंग हे बोटं काऊन निळे? सांडता मुद्दाम."

तो बोटांकडे बघत हसला. मला त्याचं ते हसू आवडलं — आणि आवडलं याचा रागही आला.

"तुमचं माप राहिलंय, बाई," तो हळूच म्हणाला.

"घ्या. पण माह्या भावाचंबी घ्या. संगंच."

माझा भाऊ उकंडराव शेतातून तसाच आला. शरच्चंद्रानं आधी माझं माप घेतलं. आकडा विसरला, पुन्हा बघावा लागला. मग उकंडरावाचं. वहीत दोन्ही आकडे मांडले, आणि पुन्हा तपासले.

"काय झालं?"

"तुम्ही वरच्या वंशात जाता. आणि हे... खालच्या."

"एका मायचं दूध पेलो आम्ही!" उकंडराव खो खो हसत सुटला. मीही हसले.

तेवढ्यात साहेब आला. आकडे पाहून त्यानं कपाळाला आठी घातली आणि इंग्रजीत काही बोलला. शरच्चंद्रानं लेखणी उचलली, क्षणभर थांबला... आणि माझ्या भावाचा आकडा खोडला. माझ्यासमोर.

मी वही ओढून घेतली. मागच्या पानावर त्याच्याच सुंदर अक्षरात, मराठीत, शिक्षणखात्याला शिफारस लिहिलेली होती : चपट्या नाकाच्या जातींच्या मुलींना अक्षरओळखीपुढे शिकवणं व्यर्थ, त्यांना दुसरीनंतर शाळेतून काढावं. आणि माझी तानु तिसरीत होती. पंधराचा पाढा घडाघडा म्हणायची.

"हे तुम्ही लिहिलं?"

"साहेबांनी सांगितलं."

"हात तर तुमचा हाय ना?"

त्यानं लेखणी खाली ठेवली.

"उद्यापासून शाई दुसरीकडं मागा."

मी मुलींना आत घेतलं. त्या दिवशी रागानं माझा खडू दोनदा तुटला.

तंबू उठला. तीन आठवड्यांनी शिक्षणखात्याचे एक अधिकारी अचानक शाळेत आले. तानुला फळ्यावर बोलावून त्यांनी पाच गणितं घातली; तिनं पाचही सोडवली. "शाळा आहे तशीच चालू द्या," एवढंच म्हणून ते गेले. कोणी पाठवलं, सांगितलं नाही.

ते मला रविवारी कळलं, शरच्चंद्र सायकल हातात धरून आमच्या दारात आला तेव्हा.

"साहेबानं तुमच्या भावासारखे खोडायला लावलेले, अशा अकरा भावंडांचे आकडे वहीतून काढून शिक्षणखात्याला पाठवले," तो म्हणाला. "खाली सही केली. नोकरी गेली."

"अन् साहेबाचं पुस्तक?"

"ते छापलं जाईल. तसंच."

तो खाली मान घालून पुढे म्हणाला, "आईला तुमच्याविषयी सांगितलं. ती म्हणते, कुणब्याची पोर आपल्या चुलीपाशी चालायची नाही."

"मंग तुमच्या मायमंदी अन् साहेबामंदी फरक काय?"

"काहीच नाही. मीही तिला तेच म्हटलं. चार दिवस झाले, ती बोलत नाही."

ओसरीवर माझे वडील, उत्तमराव, सगळं ऐकत होते. ते सावकाश म्हणाले, "आमच्या घरी जेवसान का?"

"जेवीन."

तो उकंडरावाच्या मांडीला मांडी लावून बसला. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यानं ताट सरकवलं नाही.

मी वाढायला वाकले, तेव्हा तो वर न बघता म्हणाला, "माझ्याकडे नोकरी नाही. घरचं दार उघडेल का, ठाऊक नाही. पण तुम्ही म्हणालात तर..."

"तर काय?"

"तर मी इथेच राहतो. तुमच्याजवळ."

वडिलांचा घास हातातच थांबला. मी त्याच्या ताटात गरम भाकर ठेवली.

"राहा," मी म्हटलं.