हूडाकांच्या कोठारातली गाडी

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही दुपारची आहे.

तारीख सांगतो. शुक्रवार, १६ नोव्हेंबर २०१८. दुपारी एकची वेळ. मिशिगनमधल्या आमच्या गावापासून अकरा मैलांवर हूडाकांचं शेत आहे, तिथलं कोठार. मी प्यायलेलो नव्हतो. माझ्याबरोबर आणखी एक माणूस होता, तोही प्यायलेला नव्हता. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. मला हे एकदा कुठेतरी उतरवून ठेवायचंय, एवढंच.

माझं नाव ग्लेन. जुन्या गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतो, एकतीस वर्षं झाली. लोक मला बोलावतात, शेडमध्ये सडत पडलेली गाडी दाखवतात आणि विचारतात, हिला पुन्हा उभी करण्यात काही अर्थ आहे का? मी बघतो. पत्रा ठोकतो, मापं घेतो. मग हो किंवा नाही सांगतो.

बहुतेक वेळा नाहीच सांगावं लागतं.

नॉर्ब माझ्याबरोबर वीस वर्षं होता. इंजिनाचं काम त्याचं, पत्र्याचं माझं. तोंडाचा फटकळ, हाताचा देव.

आम्हाला बोलावलं होतं लोर्नाबाई हूडाक यांनी. वय अडुसष्ट. लग्न केलं नाही, आई-वडील गेल्यावर शेतावर एकट्याच राहायच्या. आता शेत विकलं होतं आणि त्या भाचीकडे राहायला जाणार होत्या. नव्या मालकाला महिनाअखेर कोठार रिकामं हवं होतं. आणि कोठारात त्यांच्या भावाची गाडी होती.

भावाचं नाव डुएन. १९७३च्या ऑक्टोबरात, विसाव्या वर्षी, त्याच गाडीत गेला. शेतापासून दोन मैलांवरच्या वळणावर गाडी घसरली आणि डाव्या अंगानं, म्हणजे आमच्याकडे ड्रायव्हर बसतो त्या बाजूनं, झाडावर आदळली. दार आणि स्टिअरिंगच्या मध्ये तो अडकून पडला. रात्रभर तिथून कुणी गेलं नाही. सकाळी बीट भरलेला ट्रक घेऊन जाणाऱ्या एका शेतकऱ्याला दिसला, तेव्हा नुकताच गेला होता म्हणे. अंग अजून गरम होतं.

वडिलांनी गाडी ओढून कोठारात आणली. इंजिन कुणाला तरी देऊन टाकलं. पण गाडीला कुणाला हात लावू दिला नाही.

लोर्नाबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "पैशाचं बघू नकोस, ग्लेन. सरळ होते का, एवढंच सांग."

आम्ही पोचलो तेव्हा त्यांनी आधी कॉफी दिली, घरी भाजलेला अ‍ॅपल-पाय खायला दिला. कोठाराची किल्ली दिली. स्वतः मात्र स्वयंपाकघरातच थांबल्या.

आदल्याच दिवशी हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडला होता. अंगणातून चालताना लांब रानातून बंदुकीचे बार ऐकू येत होते. एक... मग दोन...

कोठाराचं दार सरकवून आत गेलो आणि बार थांबले.

मला वाटलं, शिकारी जेवायला बसले असतील.

गाडी मधोमध उभी होती. एकोणसत्तरची. दोन दारं, लांबलचक नाक, आणि ट्रकलाही पुरून उरेल असं इंजिन, अशा गाड्या त्या काळी आमच्याकडे निघायच्या. तरुण पोरं त्यांच्यावर जीव टाकायची. हिची डावी बाजू पार आत गेली होती. दार सीटला टेकलेलं. छप्पर दुमडलेलं. पुढच्या काचेला जाळीसारखे तडे, पण काच जागेवर होती.

नॉर्बनं शीळ घातली. "ही उभी करायची म्हणजे आधी प्रार्थना करावी लागेल."

मी वाकून आत बघितलं. आणि पहिली गोष्ट लक्षात आली...

उंदीर नव्हते.

तुम्हाला वाटेल, त्यात काय. पण एकतीस वर्षांत मी शेतावरची एकही गाडी अशी बघितली नाही, जिच्या सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं नाही. कापूस कुरतडलेला असतो, लेंड्या असतात, वास असतो. गांधीलमाश्यांची पोळी असतात. कोळिष्टकं असतात.

इथे काहीच नव्हतं. पंचेचाळीस वर्षं उभी असलेली गाडी... आणि आत कुणीच शिरलं नव्हतं.

दुसरी गोष्ट. सीटची पाठ आणि डॅशबोर्ड यांच्यामध्ये कुणीतरी एक जाड लाकडी दांडकं आडवं ठोकून बसवलं होतं. टेकू दिल्यासारखं. ते धनुष्यासारखं वाकलं होतं. खाली गाडीच्या तळाशी तसलीच आणखी चार-पाच दांडकी पडली होती.

सगळी मोडलेली.

आम्ही मापं घ्यायला लागलो. सांगाड्याची दोन तिरकी मापं घेतात, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. दोन्ही सारखी आली तर सांगाडा सरळ. फरक जितका जास्त, तितकी गाडी वाकडी. मी पुढे, नॉर्ब मागे. टेप ताणली.

फरक सव्वादोन इंच.

जास्त होता, पण याहून वाईट गाड्या मी सरळ केल्या आहेत. खात्रीसाठी पुन्हा मोजलं.

अडीच.

नॉर्ब म्हणाला, "तुझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय. इकडे ये, मी वाचतो." आम्ही जागा बदलल्या. पुन्हा टेप ताणली. तो बराच वेळ आकड्याकडे बघत राहिला.

"पावणेतीन," तो म्हणाला.

या वेळी त्यानं टोमणा मारला नाही.

तेवढ्यात मला तो आवाज आला.

टिक... टिक... टिक...

गाडी लांबून चालवून आणली आणि बंद केली की थोडा वेळ इंजिनाचं तापलेलं लोखंड असं वाजतं. निवताना. गाड्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला तो आवाज झोपेतही ओळखता येतो. तो बॉनेटखालून येत होता.

मी बॉनेट उचललं.

आत नुसता खड्डा. इंजिन नाही, काही नाही. खालची जमीन दिसत होती.

टिक... टिक...

मी नॉर्बकडे बघितलं. त्यालाही ऐकू येत होतं. नॉर्ब उजव्या दारानं आत सरकला. स्टिअरिंग आणि सीट यांच्यात किती जागा उरलीय ते मोजायचं होतं. त्यानं टेप आत घातली... आणि एकदम हात बाहेर ओढला. तळवा पँटला पुसला. पुन्हा पुसला.

काय झालं म्हणून विचारलं, तर काही नाही म्हणाला.

त्याच वेळी मी पुढच्या काचेकडे बघत होतो. स्टिअरिंगच्या समोर, आतल्या बाजूनं, काचेवर तळहाताएवढी वाफ धरली होती. थंडीत श्वास सोडल्यावर धरते तशी. ती हळूहळू विरली. पुन्हा धरली. पुन्हा विरली.

नॉर्ब तोवर बाहेर आला होता. गाडीत कुणी नव्हतं.

आम्ही घरात गेलो. लोर्नाबाई टेबलाशी हात गुंफून बसल्या होत्या. मी दांडक्यांचं विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की ती वडिलांनी बसवलेली आहेत. गाडी दरवर्षी थोडी थोडी आत दबत जाते, असं वडिलांना वाटायचं. म्हणून ते टेकू द्यायचे. मोडला की नवा. वडील गेल्यावर ते काम त्यांच्याकडे आलं. आताचं दांडकं त्यांनी उन्हाळ्यात बसवलं होतं.

"मला आता हातोडा उचलवत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तुला बोलावलं. होईल ना सरळ?"

इथे मला एक गोष्ट कबूल करायचीय. ती गाडी सरळ झाली असती. काम मोठं होतं, वर्ष-दीड वर्ष गेलं असतं, पण झाली असती. मला ते तेव्हाही माहीत होतं.

मी म्हणालो, "नाही, लोर्नाबाई. हिच्यात काही राहिलं नाही."

नॉर्बनं माझ्याकडे चमकून बघितलं. म्हणाला, आपण एकदा आपल्या गॅरेजमध्ये नेऊन बघू. मी त्याला गप्प केलं. गंज, सांगाडा, न मिळणारे पत्रे, अशी सगळी कारणं एकामागून एक सांगितली. लोर्नाबाई मान हलवत ऐकत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, ती भंगारात मीच नेऊन देईन का? त्यांच्याच्यानं बघवणार नव्हतं.

मी हो म्हणालो.

परतताना ट्रकमध्ये नॉर्बनं तळवा पुन्हा पँटला पुसला. मग म्हणाला, "टेप पाच इंचांवर अडली, ग्लेन."

"सीटला लागली असेल."

"सीट अजून लांब होती. मऊ काहीतरी होतं मध्ये." तो खिडकीबाहेर बघत होता. "मऊ आणि गरम. म्हणून म्हणत होतो, घेऊ या गाडी. त्याला बाहेर काढू या."

मी त्याला तोंड बंद ठेवायला सांगितलं.

मंगळवारी सकाळी दहा वाजता मी गाडी भंगारवाल्याकडे नेली. नॉर्ब आला नाही. तब्येत बरी नाही म्हणाला.

भंगाराचं आवार मर्लचं. मर्ल म्हणजे सहा फुटी, ढेरपोट्या माणूस, त्याला कशाचंही काही वाटायचं नाही. त्यानं टायर काढले. आतलं लाकूड काढून टाक म्हणाला, मशीनमध्ये लाकूड चालत नाही.

मी उजव्या दारातून आत वाकलो आणि हातोडीनं ते दांडकं ठोकून काढलं. दोन घावांत निघालं.

ते निघाल्याबरोबर स्टिअरिंग सीटच्या दिशेनं सरकलं... बोटभर.

आणि माझ्या कानाशी कुणीतरी श्वास आत ओढला.

मी मागे न बघता तिथून निघालो आणि मर्लजवळ जाऊन उभा राहिलो. त्यानं क्रेननं गाडी उचलून चेपायच्या मशीनमध्ये ठेवली. वरची जड प्लेट खाली यायला लागली. छप्पर दबलं. उरलेल्या काचा फुटल्या. पत्रा ओरडतो तसा ओरडला, तो आवाज मला सवयीचा आहे.

मग त्या आवाजात दुसरा एक आवाज आला.

ठक. ठक. ठक.

मर्लनं मशीन थांबवलं.

आवारात सगळं शांत.

ठक... ठक...

आतून. डाव्या दारावर. मुठीनं.

मर्लनं प्लेट वर घेतली, टॉर्च घेऊन गेला, वाकून सगळीकडे बघितलं. मी जागेवरून हललो नाही. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. आत कुणी नाही म्हणाला. मग माझ्याकडे बघत राहिला.

"गाडी तू आणलीयस," तो म्हणाला. "तू सांग."

गाडीपर्यंत फार तर वीस पावलं होती. पहार तिथेच भिंतीला टेकून उभी होती. ते डावं दार दोघांनी मिळून पाच मिनिटांत उचकटलं असतं. उघडं करून बघितलं असतं. काही नसतं तर नसतं.

मी मान हलवली.

म्हणजे, चालू कर.

प्लेट खाली आली. ठोकणं शेवटपर्यंत चालू होतं. जोरात, मग खूप भराभर... आणि मग नाही.

त्या संध्याकाळी लोर्नाबाईंचा फोन आला. सगळं नीट झालं का विचारलं. मी हो म्हणालो. मग त्या म्हणाल्या, "आणि त्याला आधी बाहेर काढलंत ना?"

त्या वाट बघत होत्या.

"हो," मी म्हणालो.

त्या खूप वेळ रडल्या. मग म्हणाल्या, देव तुझं भलं करो.

वसंतात नॉर्बनं काम सोडलं. भांडण नाही, काही नाही. एक दिवस आपली हत्यारं गोळा केली आणि गेला. रस्त्यात मी दिसलो तर वाट बदलतो. त्याला त्या मंगळवारबद्दल मी काही सांगितलेलं नाही. मर्ल पुढच्याच वर्षी हृदयविकारानं वारला. तोही याबद्दल कुणाशी बोलला नव्हता. त्याची बायको सांगते की त्या दिवसानंतर त्यानं ते मशीन स्वतः कधी चालवलंच नाही.

लोर्नाबाई भाचीकडे आहेत. डोकं अगदी शाबूत. दरवर्षी नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमाराला त्यांचा फोन येतो. इकडचं तिकडचं बोलतात आणि मग विचारतात, डुएन कसा आहे? पहिल्या वर्षी मी घाबरून "बरा आहे" म्हणालो. तेव्हापासून दरवर्षी तेच म्हणतो. म्हातारीला बरं वाटत असेल तर वाटू दे, अशी मी माझी समजूत घातली होती.

यंदा त्या म्हणाल्या, "ग्लेन, जरा त्याला फोन दे."

गॅरेजमध्ये मी एकटाच होतो. काय करणार? फोन कामाच्या टेबलावर ठेवला आणि दाराशी जाऊन उभा राहिलो. बाहेर ऊन होतं. फोनमधून त्यांचा बारीक आवाज येत होता. त्या काहीतरी बोलत... मग थांबत. कुणी उत्तर देत असेल तेवढा वेळ थांबत... मग पुन्हा बोलत.

चार-पाच मिनिटं असं चाललं.

आवाज थांबला तेव्हा मी जाऊन फोन उचलला.

"ग्लेन?" त्यांचा आवाज बदलला होता. थंड झाला होता. "तो म्हणतो, त्यानं ठोकलेलं तुला ऐकू येत होतं."

मी ते त्यांना कधीच सांगितलेलं नाही.