क्लिनर साईड

फेंडरवरचं, म्हणजे गाडीच्या पुढच्या चाकावरच्या पत्र्यावरचं, रबरी बूच रुपयाच्या नाण्याहून किंचित लहान होतं. हेमलताने पट्टी लावली. एकोणीस मिलिमीटर. मग गाडीला वळसा घालून तिने पलीकडच्या फेंडरवरून बोट फिरवलं. तिथे ना बूच, ना भोक.

"नाना, या गाडीचे इंडिकेटर आरशांत आहेत. मग इथे भोक कशाला?"

"जुन्या मॉडेलचा पत्रा, भंगारातला," हिलालनाना म्हणाले. एसटीचं स्टिअरिंग सोडल्यापासून ते हेमलताच्या जळगावच्या खासगी तपास कचेरीत होते. "बसतो, पण बूच मारावं लागतं. त्यात काय एवढं?"

फाटकाशी सुनिता उभी होती. तिचा नवरा बादल या बंगल्याचा ड्रायव्हर, सध्या कोठडीत. पहूर रस्त्यावर या गाडीखाली एक म्हातारा सापडून मेला, त्याला एकोणीस दिवस झाले होते. फेंडर बादलच्या फोनवरून मागवलेला, बसवलेलाही त्यानेच.

"ताई, तो काहीच बोलस नही. उद्या कोर्टात कबुली देस म्हणे," सुनिता म्हणाली. "माझ्या बाळंतपणात बंगल्याच्या बाईजी तीन दिवस दवाखान्यात बसल्या ना, ते फेडतोय. माझं पोर आता कोण बघणार?"

नानांनी मान फिरवली. सकाळी धुळ्याच्या भंगार बाजारात दोघांनी ऐकलेलं त्यांना आठवत होतं. पत्रेवाला उखर्डू हसत सांगत होता, "मेसेज आला, उजवा फेंडर पाठवा. पाठवला. दुसऱ्या दिवशी म्हणे, चुकलं, दुसऱ्या बाजूचा पाठवा. आता आमच्याकडे डावा-उजवा कोण म्हणतं, भाऊ? उजवी ती ड्रायव्हर साईड, डावी ती क्लिनर साईड! मी विचारलं, साल कोणतं, इंडिकेटर कुठे? तर उत्तर काय, पांढरा आहे ना, मग झालं. जशी साडीच घ्यायची होती!"

व्हरांड्यात मालकांचा मुलगा रोनक आला. मागून त्याची आई, जतनबाई, म्हणजेच बाईजी.

"अपघाताच्या संध्याकाळी गाडी कोणाकडे होती?" हेमलताने विचारलं.

"बादलकडेच. मी घरी होतो," रोनक म्हणाला. "आईला विचारा."

"घरीच होता," जतनबाई लगेच म्हणाल्या.

"बादलचा फोन कुठे असायचा?"

"गाडीतच. स्टँडला लावलेला," रोनक म्हणाला.

"तुम्ही गाडी चालवता, बाईजी?"

"छे! मला कुठली येते?"

"बदलला तो पत्रा कोणता?"

"डावा," रोनक म्हणाला.

जतनबाई बॉनेटसमोर आल्या, गाडीकडे तोंड करून. त्यांनी उजवा हात पुढे करून बूच असलेल्या फेंडरवर ठेवला. "हा, उजवा."

नाना हसणार होते. हेमलताचा चेहरा पाहून थांबले.

"नाना, तुम्ही याला काय म्हणाल?"

"क्लिनर साईड. झोपेतसुद्धा."

"बादलही तेच म्हणेल. चार वर्षं तो रोज ही गाडी पुसतो. हिचे इंडिकेटर आरशांत आहेत, हे त्याला ठाऊक नसेल?" ती शांतपणे बोलत होती. "धडक त्याने दिली असती, तर पत्रा त्याने मागवला असता. एकदाच, आणि बरोबर. मागवणाऱ्याला फक्त रंग माहीत होता. आणि गाडीची उजवी बाजू म्हणजे समोर उभं राहिलं की आपल्या उजव्या हाताला येते ती, असा त्याचा समज होता. पत्रा आला, मग बादलला बोलावलं. त्याने बूच मारून बसवला."

जतनबाईंचा हात अजून फेंडरवरच होता. त्यांनी तो चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"गाडीतल्या बादलच्या फोनवरून मेसेज तुम्ही केलेत, बाईजी. पण गाडी तुम्हाला येत नाही. या घरात गाडी दोघेच चालवतात, बादल आणि रोनक. बादलने ठोकली असती, तर त्याला न विचारता तुम्ही पत्रा कशाला शोधला असता?"

रोनक खांबाला टेकला. "आई, उद्या तो कबुली देतोच आहे. मग संपेल ना सगळं."

फाटकाशी सुनिता मटकन खाली बसली. जतनबाईंकडे बघत राहिली.

जतनबाईही तिच्याकडेच बघत होत्या. रोनकने सवयीने खिशातून किल्ली काढली, तशी त्यांनी ती त्याच्या हातातून घेतली.

"गाडी नको," त्या म्हणाल्या. "ठाण्यात आपण पायी जाऊ. म्हाताऱ्याला तू उडवलंस, हे तू सांग. पत्रा मी मागवला, हे मी सांगते."