वाळवणीच्या खोलीतली चाळीस घरं

तळ्यात तराफा सोडायचा बेत अगदी पक्का झाला होता. भोंग्याने टायरच्या ट्यूबा जमवल्या होत्या, पंतोजीने कागदावर तराफ्याची आकृती काढून तिला चारी बाजूंनी बाण लावले होते, आणि दोरी आणायचं काम खारूकडे होतं. खारू आली ती हात हलवत, आणि रडून डोळे लाल झालेले.

"आईला सगळ्यांसमोर खोटारडी म्हणाले," असं म्हणून ती मटकन पायरीवर बसली.

भोंगा म्हणजे तिचा मामेभाऊ. तो कुजबुजला तरी पलीकडच्या इमारतीत ऐकू जायचं. पण आता तो नुसताच तिच्या शेजारी येऊन बसला.

झालं होतं असं. खारूची आई शिवणकाम करायची. लाँड्रीवाल्या काकांनी तिच्याकडून कपडे भरायच्या पिशव्यांचा ढीग शिवून घेतला आणि वसाहतीच्या नाण्यांत मजुरी दिली. ही नाणी खिशात खुळखुळत नाहीत, फोनवर दिसतात आणि वसाहतीतल्या दुकानांत चालतात. त्यांचा हिशेब बँकेत नसतो. खारू आणि भोंगा राहायचे तशी भाड्याची घरं सोडली, तर प्रत्येक घरात एक पेटी असते. कोणी कोणाला काय दिलं ते सगळ्याच पेट्या लिहून ठेवतात, आणि निम्म्याहून जास्त पेट्या म्हणतील ते खरं मानायचं. या कामाबद्दल पेटीच्या मालकाला अधूनमधून थोडी नवी नाणी मिळतात; पेटी जितकी जोरात चालवाल तितकी जास्त. आईची मजुरी फोनवर जमा झालेली खारूने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. सकाळी उठून बघते तर ती नाहीशी! ती कधी आलीच नव्हती, असंच फोन दाखवत होता.

"काका म्हणतात, पिशव्या जुन्या धुलाईच्या बदल्यात होत्या, नाणी ठरलीच नव्हती. आणि सेक्रेटरीबाई म्हणाल्या, चाळीस घरांच्या पेट्या एका सुरात खोटं बोलतील का? सगळ्यांनी हात वर करून आईलाच खोटं ठरवलं. आता शाळेच्या गणवेशांचं कामही आईकडून काढून घेणार आहेत. त्यासाठी उद्या दुपारी पुन्हा सभा आहे."

"चाळीस घरं खोटं बोलणार नाहीत आणि माझी आत्याही बोलणार नाही," भोंगा म्हणाला. "मग काय भुताने नेली नाणी?"

पंतोजीने चष्मा पुसला. तो चष्मा पुसायला लागला की काहीतरी शहाणपण बाहेर पडणार, हे ठरलेलं. "पेट्यांनाच जाऊन विचारू," तो म्हणाला. "त्यांच्या नोंदींच्या वेळा बघितल्या की कधी काय बदललं ते कळेल."

तराफा राहिला बाजूला. तिघं आधी चित्रकलेच्या बाईंकडे गेले.

"पेटी? ती... आत आहे. आत्ता नको," बाई घाईघाईने म्हणाल्या. पण खारूचं लक्ष दाराशेजारच्या फळीकडे होतं. फळीवर सगळीकडे धूळ होती, फक्त मधला एक चौकोन तेवढा स्वच्छ.

डॉक्टरकाकांनी आढेवेढे घेतले नाहीत. "अरे, केवढा तो आवाज, आणि विजेचं बिल बघून मलाच चक्कर आली. नवी नाणी मिळायची त्याहून वीज महाग पडत होती. दिली एकाकडे सांभाळायला. त्याला कारखान्याच्या स्वस्त दराने वीज मिळते. पण कोणाला बोलू नका हं. बाकी सगळ्यांच्या आहेतच घरी. माझ्या एकट्याने काय फरक पडतो?"

किराणावाल्या आजी तेच म्हणाल्या. वरच्या मजल्यावरचे नवरा-बायकोही तेच म्हणाले, अगदी त्याच शब्दांत. माझ्या एकट्याने काय फरक पडतो?

पेटी सापडली ती एकट्या पंतोजीच्या आजोबांकडे. ती पलंगाखाली गुरगुरत होती आणि आजोबा तिच्या गरम वाऱ्यावर गुडघे शेकत बसले होते.

"ही मी सोडणार नाही," ते म्हणाले. "तो लाँड्रीवाला किती वेळा मागून गेला. फुकट सांभाळतो म्हणे. म्हटलं, आधी माझे गुडघे सांभाळ."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. गेले कित्येक दिवस ऊन नव्हतं. घरोघरचे कपडे दमट राहत होते. लाँड्रीचे कपडे मात्र खडखडीत वाळून येत होते, आणि तिथल्या बॉयलरच्या धुरांड्यातून धूर काही दिसत नव्हता.

भोंग्याने घरातली चांगली स्वच्छ चादर मातीत लोळवली आणि तिघं ती धुवायला टाकायला गेले. काका गिऱ्हाइकात गुंतले होते. खारू हळूच मागच्या बाजूला सरकली आणि तिने वाळवणीच्या खोलीचं दार ढकललं.

तोंडावर गरम वाऱ्याचा झोत आला. दोऱ्यांवर चादरी फडफडत होत्या, आणि त्यांच्यामागे भिंतभर फळ्यांवर पेट्याच पेट्या घोंघावत होत्या. प्रत्येकीवर घराच्या नावाची चिठ्ठी. डॉक्टरकाकांची. चित्रकलेच्या बाईंची. आणि मधोमध, सोनेरी काठाच्या चिठ्ठीची, खुद्द सेक्रेटरीबाईंची!

ज्या चाळीस घरांनी तिच्या आईला खोटं पाडलं, ती घरं, एक आजोबांचं सोडलं तर, ही अशी एका खोलीत, एका माणसाच्या हाताखाली होती. आणि तो माणूस कोण, तर तिच्या गणवेशाला फुकट इस्त्री करून देणारे काका.

"निम्म्याहून जास्त त्याच्याकडेच," बाहेर आल्यावर पंतोजी म्हणाला. "एका रात्रीत त्याने या सगळ्या पेट्यांकडून नवं लिहून घेतलं असणार. पिशव्या त्याच्या आणि नाणीही त्याचीच."

"आत्ताच ओरडून सांगतो," भोंगा म्हणाला.

"नको," खारू म्हणाली. "सगळे म्हणतील, आमची पेटी घरीच आहे. त्यांना दाखवायला हवं."

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. तिथल्या फलकावर प्रत्येक घराच्या पेटीचा एक हिरवा दिवा होता. खारू मात्र लाँड्रीत होती. "चादर न्यायला आले," असं तिने इस्त्रीवाल्या मावशींना सांगितलं आणि ती वाळवणीच्या खोलीत शिरून मेन स्विचपाशी उभी राहिली. काका एकटेच आले तर काय, हा विचार तिच्या डोक्यात उशिरा आला.

रस्त्यापलीकडच्या सभागृहातून भोंग्याची दणदणीत शिंक ऐकू आली. हीच खूण ठरली होती. खारूने डोळे मिटले आणि खटका खाली ओढला.

घोंघावणं थांबलं. मग बाहेर धावती पावलं वाजली. दार धाडकन उघडलं आणि काका घामाघूम होऊन आत आले.

"काय केलंस तू हे?"

काकांच्या मागे सेक्रेटरीबाई होत्या, डॉक्टरकाका होते, अख्खी सभा होती.

"फलकावरचे दिवे सटासट गेले," भोंगा धापा टाकत सांगत होता. "आजोबांचा तेवढा राहिला. कोणाला काही कळायच्या आत काकाच ओरडले, माझा मेन पडला! आणि सुटले की धावत!"

कोणी हसलं नाही. एकेक जण फळीवर आपली पेटी शोधत होता.

"तुमचीही इथेच?"

"मला वाटलं, मी एकटीच."

"मी कोणाचं काही पळवलं नाही," काका पुटपुटले. "तुम्हीच आणून दिल्यात." आणि ते खरंच होतं. सेक्रेटरीबाईंनी मान खाली घातली.

पंतोजीने फोन वर धरला. "आजोबांच्या पेटीने बहुमत मानलं, पण आधीचं लिहिलेलंही बाजूला ठेवलंय. हे बघा, पिशव्यांची मजुरी, लाँड्रीकडून." काका पिशव्यांच्या ढिगावर खालीच बसले आणि मजुरी आजच देतो म्हणाले.

"शाबास रे पोरांनो," डॉक्टरकाकांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. "आम्हा मोठ्यांना सुचलं नाही ते तुम्ही करून दाखवलंत. पण त्या बिलाचं काय करायचं?"

"जास्त नाणी मिळावीत म्हणून सगळ्यांनी पेट्या जोरात पळवल्यात," पंतोजी म्हणाला. "सगळ्यांनीच हळू चालवल्या तर वाटा तेवढाच मिळेल, आणि बिल दिव्याएवढं येईल."

इतका वेळ आई दाराशी उभी होती. खारू धावत जाऊन तिला बिलगली.

"मला वाटलं, चाळीस घरं माझ्याविरुद्ध उभी आहेत," आई म्हणाली. "काल कोणी एकाने जरी घरी जाऊन आपली पेटी बघितली असती तर..."

"बघायला पेटीच नव्हती," चित्रकलेच्या बाई अगदी हळू म्हणाल्या. "आणि ते ज्याचं त्याला ठाऊक होतं. तरी तुम्हाला खोटं म्हणायला आम्ही सगळ्यांनी हात वर केले."

खारूला सगळ्यात मोठा धक्का बसला तो या वाक्याने. पेट्या खोटं बोलल्या ते एका माणसाने बोलायला लावलं म्हणून. यांना तर कोणी बोलायला लावलं नव्हतं.

"माझं चुकलं," सेक्रेटरीबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. "गणवेश तुम्हीच शिवायचे." मग त्या स्वतःची पेटी उचलायला गेल्या, पण ती जड होती, त्यांना उचलेना. कोणीच जागचं हलेना.

आईने पदर खोचला, पुढे होऊन पेटीची दुसरी बाजू धरली आणि म्हणाली, "चला, कुठे ठेवायची ते दाखवा."