इझिदोरच्या वाटेवरचे सापळे

ही गोष्ट बनवलेली नाही. ज्या अल्फोन्सीनमावशीच्या बाबतीत ती घडली, ती अजून जिवंत आहे. तिला तोंडावर खोटी म्हणायची आमच्या गावात कुणाची हिंमत नाही.

डिसेंबर होता. मोठ्या सरोवराच्या उत्तरेला मावशीची शिकारीची खोपी आहे, तिथली गोष्ट. दुपार सरली न सरली तोच अंधार पडला होता.

मावशीचा नवरा इझिदोर त्याच वर्षीच्या वसंतात बर्फ खचून तळ्यात बुडाला. त्याची सापळ्यांची वाट आता धाकटा दीर मोदेस्त सांभाळत होता.

सांभाळत होता म्हणे!

गावात ढोल वाजले, काडी लपवायचा खेळ रंगला, की हा पठ्ठ्या आठवडाभर तिकडेच. आदल्याच दिवशी परतला होता आणि शेगडीजवळ घोरत पडला होता.

मावशी सशाचं कातडं सोलत होती.

तेवढ्यात बाहेर...

खण्ण.

साखळीचा आवाज.

"मोदेस्त, सापळे मिटवून गेला होतास ना?"

"सगळे मिटवले, वहिनी. वारा असेल."

वारा नव्हता. धुराड्यातून धूर सरळ वर जात होता.

मावशी कंदील घेऊन निघाली. पहिलाच सापळा मिटवून ठेवलेला नव्हता, आणि त्यात रानमांजर अडकलेलं. सुटायच्या धडपडीत त्यानं जमिनीपर्यंत बर्फ उकरला होता. मरून लाकूड झालं होतं.

मग साखळी कोण हलवत होतं?

तो विचार तिला नंतर सुचला. आधी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्यात सापळा लावला की बघायला जायलाच हवं. जनावर तडफडत ठेवलं, तर त्याचे भाऊबंद पुन्हा त्या घराच्या वाट्याला येत नाहीत. मग हिवाळाभर पोरांना खायला काय घालायचं?

तिनं खोपीत परतून मोदेस्तला कॉलर धरून उठवलं.

"चल! डोळ्यांनी बघ काय केलंस ते!"

"वहिनी, उद्या सकाळी..."

"उद्या तुला मूठमाती देईन. चल!"

दुसऱ्या सापळ्यापाशी दोघं थबकले.

सापळा मिटलेला. खांद्याच्या उंचीवर फांदीला टांगलेला. साखळी नीट गुंडाळून टोक आत खोचलेलं...

असं फक्त इझिदोर खोचायचा.

पुढचा सापळाही तसाच. त्याच्या पुढचाही.

खाली बर्फ कोरा. एकही ठसा नाही.

"वहिनी... तू टांगलेस?"

"मी उडत आले का रे, मेल्या?"

मोदेस्त माघारी वळला.

खण्ण... आवाज आता त्यांच्या पाठीमागून आला.

मावशीनं कंदील वर धरला. आत्ताच ज्या वाटेनं आले, तिथे त्यांच्याच पावलांच्या ठशांमध्ये एक सापळा आ वासून पडला होता. मोदेस्तचं पुढचं पाऊल त्यावरच पडणार होतं.

तिनं त्याला कोटाची टोपी धरून मागे खेचलं.

भीती तिला तेव्हाही वाटली नाही. आधीच डोकं फिरलं होतं, ते आणखी फिरलं. ती अंधाराकडे बघून ओरडली,

"इझिदोर! तुझा सख्खा भाऊ आहे हा! जिवंतपणी त्याला एक शब्द बोलला नाहीस, लाडावून ठेवलास, आणि आता माझ्या गळ्यात टाकून हे धंदे करतोस? त्याला शिकवायचं ते मी शिकवीन! तू जा!"

सगळं चिडीचूप...

आणि खाडकन सापळा मिटला. रिकामाच.

मोदेस्त किंचाळून पाय धरून खाली कोसळला. तो सापळ्यापासून दोन हात लांब होता. बुटावर ओरखडासुद्धा नव्हता.

गावच्या दवाखान्यात पाय तपासला. हाड शाबूत होतं, सूज नव्हती. पण तो आजही लंगडतो. सापळ्यांच्या वाटेवर आता मावशी स्वतः जाते.

लोक म्हणतात, इझिदोरनं भावाला धडा शिकवला.

हे ऐकलं की मावशी उठून किटली चढवते. मागे एकदा चहा ओतताना मलाच म्हणाली,

"अगं, माझा नवरा जन्मात कुणावर रागावला नाही. तो सापळे मिटवून टांगत होता, बस्स. पोराचा पाय मोडावा असं त्याला कधीच वाटलं नसतं..."

किटली तिच्या हातातच राहिली.

"तसं त्या वेळी वाटत होतं, ते मला."